चमचे कोणी आणले होते?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक रील आलं. मंचावर मन वाचणारी एक कलाकार, समोर प्रेक्षकांतले एक गृहस्थ. शाळेतल्या पहिल्या मित्राचं नाव मनात आणा, एवढंच तिनं सांगितलं. थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी फिरवली. गृहस्थ खुर्चीतून उठूनच उभे राहिले. ग्रुपवर लगेच तीन तट पडले. आत्या म्हणाली, "हिला सिद्धी आहे, डोळे बघा तिचे." चुलतभाऊ म्हणाला, "माणूस पेरलेला आहे." काकांचं मत, "आजकाल एआय काहीही करतं." मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं आणि नेहमीप्रमाणे विषय मिटला.

हा वाद आता सारखा होतो. २०२५ मध्ये इटलीतल्या तोरिनो शहरात जादूगारांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे आपल्याकडच्या सुहानी शाह यांना ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही झाला. त्या स्वतः सांगतात की ही कला आहे, दैवी शक्ती नाही. तरी लोक कमेंटमध्ये हात जोडतात. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात उलट बाजूनं झाला. मनातलं ओळखून चिठ्ठीवर लिहून देणाऱ्या एका कथावाचकांना अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानव यांनी सिद्ध करून दाखवण्याचं आव्हान दिलं, ३० लाखांचं. मग काही दिवस हिंदी वृत्तवाहिन्या जादूगारांना स्टुडिओत बोलावून "तुम्हीही करून दाखवा" म्हणत होत्या.

तेव्हा मला सारखी एका म्हाताऱ्याची आठवण येत होती. पांढरी लांब दाढी, जाड भुवया, ठेंगणी चण. नाव जेम्स रँडी. धंद्यानं टीव्हीवरचा जादूगार. दिसतं ते खरं की बनवाबनवी, हे ओळखायची त्याची रीत शीर्षकातल्या एका प्रश्नात मावते, आणि ती समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. म्हणून त्याच्याच गोष्टीच्या आधारानं हे सगळं उलगडून बघू.

आधी माणूस ओळखून घेऊ

रँडी यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२८ चा, कॅनडातल्या टोरांटोचा. खरं नाव रँडल झ्विंगी. तेराव्या वर्षी सायकलचा मोठा अपघात झाला आणि वर्षभराहून अधिक काळ अंग प्लास्टरमध्ये. पडल्यापडल्या पोरानं जादूची पुस्तकं वाचून काढली. पुढे सतराव्या वर्षी शाळा सोडून फिरत्या जत्रेतल्या खेळात सामील झाला.

मधल्या काळात एका वर्तमानपत्रात राशिभविष्याचं सदरही चालवलं. पद्धत अशी की जुन्या मासिकांतली भविष्यं कात्रीनं कापायची, हाताला येतील तशी राशींखाली चिकटवायची आणि खाली टोपणनाव टाकायचं. पुढे हॉटेलात दोन माणसं तेच भविष्य गंभीरपणे वाचताना दिसली, तेव्हा त्यांनी ते काम सोडलं. 'अगदी माझंच लिहिलंय' असं वाटायला लिहिणाऱ्यानं काहीच जाणण्याची गरज नसते, हे तिथेच कळून चुकलं.

टीव्हीनं त्यांना नाव दिलं ते १९५६ मध्ये. अमेरिकेतल्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात ते धातूच्या बंद पेटीत, हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात, पाण्याखाली १०४ मिनिटं राहिले. हूडिनी या प्रसिद्ध जादूगाराचा १९२६ मधला साधारण दीड तासाचा विक्रम होता, तो मोडला. (हूडिनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि रँडी सत्तावीस वर्षांचे, हा फरक सोडू नये.) पुढे कितीतरी वर्षं साखळदंडातून, हातकड्यांतून, उलटं टांगून सुटका करून घेणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग राहिला.

पाकीट न उघडता चिठ्ठी वाचायची रीत

यातली मेख कळावी म्हणून एकच जुनी युक्ती नीट सांगते. जादूच्या पुस्तकांत ती शंभर वर्षांहून अधिक काळ छापलेली आहे, तेव्हा कुणाचं गुपित फोडतेय असं नाही.

पंधराएक वर्षांचे असताना रँडी टोरांटोतल्या एका प्रार्थनास्थळी गेले. तिथला धर्मगुरू आत्म्यांशी बोलायचा. लोक प्रश्न लिहून पाकिटं बंद करून द्यायचे. तो एकेक पाकीट कपाळाला लावायचा, आतला प्रश्न सांगायचा, मग पाकीट फोडून 'बरोबर आहे ना' म्हणून वाचायचा.

आता नीट बघा. पहिलं पाकीट कपाळाला लावून तो म्हणतो, "कुणीतरी विचारलंय, मुलाची नोकरी कधी लागेल?" मागच्या रांगेतून एकजण ओरडतो, "माझा, माझा प्रश्न!" हा एवढा एकच माणूस त्याचा स्वतःचा. त्यानं पाकिटात काही दिलेलंच नाही. धर्मगुरू पाकीट फोडतो, मान डोलावतो. पण त्याच्या हातात प्रत्यक्षात असतो कुणा दुसऱ्याचाच प्रश्न, समजा एखाद्या बाईंच्या गुडघेदुखीचा. तो मनात ठेवायचा आणि दुसरं पाकीट कपाळाला लावून गुडघेदुखी सांगायची. बाई रडायला लागतात. दुसरं पाकीट फोडलं की तिसऱ्याचा प्रश्न हातात. पुढच्या महिन्याचा पगार आगाऊ उचलून हा महिना भागवणारे आपल्या ओळखीत असतात ना, तसंच हे. सुरुवातीला एकदा उसनं घेतलं की शेवटच्या पाकिटापर्यंत एक पाऊल पुढे राहता येतं.

पोरगेल्या रँडींनी उठून हे सगळ्यांसमोर सांगितलं. परिणाम? पोलीस ठाण्यात नेऊन बसवलं आणि वडील येऊन सोडवून घेऊन गेले.

या प्रसंगात सगळं आलं. पाकिटं कोण हाताळतंय? क्रम कोण ठरवतंय? फोडून कोण वाचतंय? तिन्हींचं उत्तर एकच, तो स्वतः. एखाद्या तिऱ्हाइताला पाकीट फोडून वाचायला दिलं असतं तर पहिल्याच पाकिटाला खेळ आटोपला असता.

१९७३, जॉनी कार्सनचं टेबल

सत्तरच्या दशकात उरी गेलर नावाचा इस्रायली तरुण जगभर गाजत होता. चमचा नुसता चोळायचा आणि चमचा वाकायचा. बंद डब्यांपैकी कुठल्या डबीत वस्तू आहे ते ओळखायचा. त्याचं म्हणणं, ही मनाची शक्ती. रँडींचं म्हणणं, ही सरळ हातचलाखी, आणि ती मीही करतो.

चमचा कसा वाकतो? हाताशी पक्कड नसताना तार तोडायची वेळ आली की आपण काय करतो? तीच जागा पुढेमागे वाकवत राहतो. धातू तिथे थकतो आणि मग बोट लागलं तरी तुटतो. चमच्याची मान आधीच अशी थकवून ठेवली तर नंतर तो चोळल्यानं वाकल्यासारखा दिसतो. किंवा त्याहून सोपं, लोकांचं लक्ष दुसरीकडे असताना खुर्चीच्या कडेला दाबून वाकवायचा आणि मग वाकलेला भाग बोटांआडून हळूहळू बाहेर काढायचा. लक्ष दुसरीकडे वळवणं हाच या धंद्याचा पाया.

१९७३ मध्ये गेलर अमेरिकेतल्या 'टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात येणार होता. सूत्रसंचालक जॉनी कार्सन तरुणपणी स्वतः जादूचे प्रयोग करायचा, त्यामुळे त्याला शंका होतीच. कार्यक्रमाच्या लोकांनी रँडींना सल्ला विचारला. सल्ला अगदीच साधा निघाला. चमचे, डब्या, सगळं सामान तुमचं ठेवा. आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्या सामानाच्या आसपास फिरकू देऊ नका.

बस्स. कुठलं यंत्र नाही, पोलीस नाही, वादविवाद नाही. कार्सन मोठ्या अदबीनं बसून राहिला, टेबलावर सामान मांडलेलं, आणि गेलर सुमारे बावीस मिनिटं चुळबुळत राहिला. दडपण येतंय, आज ताकद जाणवत नाहीये, असं म्हणत राहिला. एक चमचा वाकला नाही.

मला ही चित्रफीत पाहताना गेलरची थोडी दयाच येते. त्याला कुणी खोटा म्हटलं नाही. फक्त त्याचं सामान काढून घेतलं.

असाच दुसरा प्रसंग १९८१ चा. जेम्स हायड्रिक नावाचा एक तरुण टेलिफोन डिरेक्टरीची पानं नुसत्या मनानं उलटतो म्हणून टीव्हीवर गाजला होता. रँडींना वाटलं, हा ओठांतून बारीक फुंकर घालतो. दुसऱ्या कार्यक्रमात दोघं समोरासमोर आले. रँडींनी थर्माकोलचे दाणे आणले होते, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतात तसले. ते त्यांनी उघड्या पुस्तकाभोवती पसरले. आता पान हलवायला फुंकर मारली तर आधी दाणे उडणार. हायड्रिक बराच वेळ घामाघूम होत हातवारे करत राहिला. शेवटी म्हणाला, दिव्यांच्या उष्णतेनं दाण्यांत वीज भरलीय, त्यामुळे शक्ती अडते. पुढे त्यानं एका पत्रकाराजवळ कॅमेऱ्यासमोर कबुली दिली.

मूठभर थर्माकोल. खर्च जवळजवळ शून्य.

टीव्हीवर सगळ्यांसमोर चाललंय, मग खोटं कसं असेल?

मला तर टीव्हीवर खोटं चालणं उलट सोपं वाटतं. घरच्या बैठकीत जादू चालली असेल तर तुम्ही उठून बाजूला जाऊन बघू शकता. टीव्हीवर तुम्हाला तेवढंच दिसतं जेवढं कॅमेरा दाखवतो, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी काय झालं ते तर अजिबात नाही.

पीटर पोपॉफ हा अमेरिकेतला टीव्हीवरचा धर्मोपदेशक. भर सभेत अनोळखी माणसाला नावानं हाक मारायचा, त्याचा आजार सांगायचा, घरचा पत्तासुद्धा सांगायचा आणि हात ठेवून 'बरा' करायचा. पैशांचा पूर यायचा. रँडींच्या लोकांच्या लक्षात आलं की याच्या कानात काहीतरी आहे. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत ते रेडिओलहरी पकडणारं यंत्र घेऊन बसले, आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर पोपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. सभेआधी ती आणि तिची माणसं लोकांमध्ये फिरून गप्पा मारत, प्रार्थनेसाठी म्हणून कार्डांवर नाव-पत्ता-आजार लिहून घेत. तेच ती मागच्या गाडीत बसून नवऱ्याच्या कानात वाचून दाखवायची. दुसऱ्या एका सभेत रँडींचा एक स्वयंसेवक बाईच्या वेषात जाऊन बसला होता. पोपॉफनं त्याचा गर्भाशयाचा कर्करोग बरा केला.

'टुनाइट शो'वर रँडींनी आधी नुसती चित्रफीत दाखवली, मग तीच पुन्हा, या वेळी बायकोच्या आवाजासकट. पुढच्या वर्षी पोपॉफनं दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी तो पुन्हा टीव्हीवर आला, हेही सांगायला हवं.

अशा आधीच जमवलेल्या माहितीला या धंद्यात 'हॉट रीडिंग' म्हणतात. आज कार्ड भरून घ्यायचीही गरज नाही. तिकीट ऑनलाइन काढताना आपण नाव आणि मोबाइल नंबर देतोच, आणि लेकीच्या बारशाचे फोटो फेसबुकवर आपणच टाकलेले असतात.

याचा जुळा भाऊ 'कोल्ड रीडिंग'. त्यात आधी काहीच माहीत नसतं. मोघम बोलायचं आणि समोरच्याला जुळवू द्यायचं. "घरात हार घातलेला एक फोटो आहे." (कुणाच्या घरात नसतो?) "र अक्षर दिसतंय... रमेश, रवी, राजू..." समोरच्या काकू ओरडतात, "रंजना! माझी मावशी!" घरी जाऊन काकू सगळ्यांना सांगतात, त्यांनी रंजनामावशीचं नाव घेतलं. नाव काकूंनीच घेतलं होतं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना तसंच आठवतं.

पण शास्त्रज्ञ तरी कसे फसतील?

हा आक्षेप नेहमी येतो. 'मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तपासलंय' म्हटलं की आपण गप्प बसतो. गेलरलाही कॅलिफोर्नियातल्या एका नामांकित संशोधन संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी तपासलं होतं आणि त्यांचा निबंध १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला होता.

रँडींचं उत्तर असं, की निसर्ग डाव टाकत नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा जंतू तुमचं लक्ष चुकवून बाटली बदलत नाही. शास्त्रज्ञाला सगळी हयात अशा प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याची सवय लागलेली असते. चोर पकडायला वेधशाळेतला माणूस पाठवून कसं चालेल?

हे त्यांनी करूनही दाखवलं. १९७९ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला मनोशक्तीच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलरची देणगी मिळाली. रँडींनी जादू येणारी दोन पोरं, एक सतरा आणि एक अठरा वर्षांचं, तिथे धाडली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाला पत्रानं आधीच कळवलं की कुठल्या कुठल्या चुका टाळा आणि हवं तर जादूगाराची मदत घ्या. मदत घेतली गेली नाही. प्रत्येक चमच्याला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधलेली असायची. वाकवताना मध्ये येते म्हणून पोरं ती चिठ्ठी काढायची आणि परत बांधताना दोन चमच्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची. मग मोजमाप केलं की दोन्ही चमचे आधीपेक्षा वेगळे! हात न लावता वाकले! असं काही वर्षं चाललं. पोरांना रँडींनी एक अट घातली होती: 'तुम्ही युक्ती वापरता का' असं कुणी सरळ विचारलं तर लगेच हो म्हणायचं आणि सगळं सांगायचं. कुणी विचारलंच नाही. १९८३ मध्ये पत्रकार परिषद घेऊन सगळं जाहीर झालं.

शास्त्रज्ञ बेअक्कल असतात असा याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे इलाजही आहे, त्याला 'आंधळी चाचणी' म्हणतात: निकाल नोंदवणाऱ्यालाच माहीत नसतं की समोरचा नमुना कुठला. आपल्या शाळांत बोर्डाच्या पेपरवर नाव न लिहिता बैठक क्रमांक लिहितात, ते याचसाठी. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेनं दावा केला की एक पदार्थ पाण्यात इतका पातळ केला की त्याचा कणही उरला नाही, तरी त्याचा परिणाम दिसतो. होमिओपॅथीची औषधंही अशीच पातळ करतात, त्यामुळे होमिओपॅथीवाल्यांना अर्थातच आनंद झाला. 'नेचर'च्या संपादकांनी तपासाला जाताना रँडींना बरोबर नेलं. नमुन्यांना गुप्त क्रमांक दिले आणि कुठला क्रमांक कशाचा हे लिहिलेला कागद पाकिटात घालून, वर फॉइल गुंडाळून, पाकीट प्रयोगशाळेच्या छताला चिकटवून टाकलं. कुणी हात लावला तर कळावं म्हणून. त्या फेरीत परिणाम दिसला नाही.

पाणाड्या खोटं बोलतो का?

इथे मात्र गोष्ट जरा हळवी होते.

१९६४ मध्ये रेडिओवरच्या एका चर्चेत समोरचा म्हणाला, एवढी खात्री असेल तर पैसे लावा. रँडींनी पदरचे हजार डॉलर लावले. ती रक्कम वाढत १९९६ मध्ये दहा लाख डॉलर झाली. अट अशी की काय दाखवणार, कसं दाखवणार आणि किती वेळा बरोबर आलं म्हणजे यश, हे सगळं दोन्ही बाजूंनी आधी लिहून सही करायची. हजाराहून जास्त लोकांनी अर्ज केले. २०१५ मध्ये योजना बंद होईपर्यंत पहिली फेरीसुद्धा कुणी पार केली नाही.

अर्जदारांत सगळ्यात मोठा गट होता पाणाड्यांचा. आपल्याकडे हा माणूस काडी घेऊन येतो, नाहीतर तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो, आणि पाणी असलं की नारळ उभा राहतो. आमच्या माण तालुक्यातल्या नातेवाइकांनी बोअर घेताना असाच एक आणला होता. म्हातारा, पायात वहाणा नाहीत, पैशांची घासाघीस नाही. नारळ उभा राहिला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. हा माणूस भोंदू होता असं मी शपथेवर म्हणणार नाही.

रँडीही म्हणायचे नाहीत. पाणाडे बहुतेक मनापासून प्रामाणिक असतात, असं ते सांगत. हाताचे स्नायू आपल्या नकळत बारीकसे हलतात, आणि तोल सांभाळून धरलेल्या वस्तूला तेवढा धक्का पुरतो. प्लँचेटची वाटी याच कारणानं सरकते. ढकलणाऱ्याला वाटतं, मी कुठे ढकलतोय?

मग पाणी लागतं ते कसं? जमिनीखाली पाणी नळासारखं एका रेघेत वाहत नसतं. मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत ते पसरलेलं असतं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी कुठेही खणलं तरी थोडंफार लागतं. खरी परीक्षा घ्यायची तर पाणी 'नसलेली' जागाही हवी. १९७९ मध्ये रँडींनी इटलीतल्या टीव्हीसाठी ती घेतली. जमिनीखाली वेगवेगळ्या वाटांनी नळ पुरले आणि एका वेळी एकाच नळातून पाणी सोडलं. पाणाड्यांनी वाट दाखवायची. चाचणी रास्त आहे हे त्यांना आधीच मान्य होतं. एकही उतरला नाही.

आपल्याकडे अशी परीक्षा झाली का?

झाली, आणि झकास झाली. आव्हानं आपल्याला नवी नाहीत. श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्येच लाख रुपयांचं जाहीर केलं होतं, आणि नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं आव्हान २१ लाखांचं आहे. पण मला जास्त मोलाची वाटते ती २००८ मधली पुण्यातली चाचणी. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि स्वतः फलज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे असे चौघं त्यात होते.

२०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. १०० हुशार, १०० मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि एवढंच विचारलं की यातलं कोण हुशार, कोण मतिमंद. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आले असते. सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४.

कुणाची टर उडवली नाही, कुणाला भोंदू म्हटलं नाही. कुंडल्या मात्र परीक्षकांनी आणल्या होत्या.

फसवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर विश्वास कशाला?

प्रश्न रास्त आहे. रँडींचं यावरचं उत्तर असायचं की मी लबाड आहे, पण प्रामाणिक लबाड. जादूगार तिकीट घेतानाच सांगतो की आता मी तुम्हाला फसवणार आहे. आईच्या पिढीनं जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहिले. बाहेर पडताना कुणी त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारला नसेल. हाच करार बाबा पाळत नाही. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही याच रेषेवर उभा आहे. त्यात गुन्हा आहे तो तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना लुबाडण्याचा, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. रंगमंचावर टोपीतून ससा काढणाऱ्याला त्याची भीती नाही.

तरीही रँडींना देव्हाऱ्यात बसवू नये. सेंट लुइसच्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं गाफील ठेवणं योग्य होतं का, यावर तेव्हाही टीका झाली आणि ती मला पटते. घरातही एक गुपित होतं. कितीतरी वर्षांचा त्यांचा जोडीदार दुसऱ्याच माणसाच्या नावावर अमेरिकेत राहत होता, हे २०११ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा बाहेर आलं. लोकांची सोंगं फोडणाऱ्याच्या घरात एक सोंग होतं. २०१३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पण थर्माकोलचे दाणे कुणी पसरले यावर ते उडतात की नाही हे ठरत नाही. रँडींवर विश्वास ठेवायची गरजच नाही, हाच या पद्धतीचा फायदा. कुणीही करून बघावं.

मग त्या रीलवरच्या मुलीचं काय?

तिनं ते कसं केलं, मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, ती तिची रोजीरोटी आहे. ती जे करते त्याला 'मेंटॅलिझम' म्हणतात, म्हणजे मन वाचल्याचा आभास उभा करणारी जादू. पाटी तिची होती, मंच तिचा, प्रश्न तिनं निवडला, आणि रील कुठून सुरू करायचं तेही तिनंच ठरवलं. कलाकारानं हे सगळं आपल्या हातात ठेवायचंच असतं. नाटकवाल्याकडे कुणी विचारतं का, पडदा का लावला?

आत्याला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण आमच्या गुरुजींनी तुझ्या आजोबांचं जाणं तारखेसकट सांगितलं होतं." यावर मी तिला रँडींच्या पाकिटातली गोष्ट सांगितली.

तरुणपणी रँडी रोज रात्री झोपण्याआधी आपल्या कार्डाच्या मागे तारीख घालून लिहायचे, 'मी, जेम्स रँडी, आज मरणार आहे.' खाली सही. कार्ड खिशातल्या पाकिटात. उद्या गाडीखाली आलोच, तर लोकांना पाकिटात सापडेल जगातलं सगळ्यात अचूक भाकीत. दुसऱ्या रात्री कालचं कार्ड फाडायचं आणि नवं लिहायचं. फाडलेली कार्डं कुणाला दिसणार? हे त्यांनी कित्येक वर्षं केलं. काहीच झालं नाही, शेवटी कंटाळून नाद सोडला. ते गेले २० ऑक्टोबर २०२० ला, ९२ व्या वर्षी, म्हातारपणानं.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजींनी आधी दोन तारखा सांगितल्या होत्या खऱ्या."